पावसाळ्यातली स्किनकेअर: काय ठेवलं, काय बाजूला काढलं, सविस्तर रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. दमट हवेत चेहऱ्याला तीन गोष्टी पुरतात, सौम्य फेसवॉश, हलकं जेल मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी सगळं हौसेचं. आणि पावसाळ्यात खरी गडबड होते ती चेहऱ्यावर नाहीच मुळी, ती होते पायाच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, ब्राच्या पट्टीखाली, जिथे ओल साठून राहते आणि दिवसभर कोणी बघत नाही. तरी रिव्ह्यू बघाल तर सगळे चेहऱ्याच्या सीरमचे. म्हणून मी दोन्ही घेतलंय, आधी चेहरा मग अंग आणि पाय, पण घाईत असाल तर चेहऱ्याचा भाग सोडून थेट पायांवर या, तो जास्त कामाचा आहे. कंपन्यांची नावं घेत नाहीये, घटक सांगते, म्हणजे तुम्ही असाल तिथे जे मिळतं त्याचं मागचं लेबल वाचून तुम्हालाच ठरवता येईल.

आधी थोडं कारण. घाम येणं हा प्रॉब्लेम नाही, तो वाळत नाही हा आहे. हवेत आधीच इतकं बाष्प असतं की घाम उडून जायचं नावच घेत नाही, तो तसाच अंगावर बसतो, त्यात त्वचेचं तेल, त्यात धूळ, त्यात आपण सकाळी चोपडलेलं क्रीम. त्वचेचा वरचा थर सतत ओला राहिला की फुगतो, मऊ पडतो, आणि अशी मऊ पडलेली कातडी जरा घासली तरी सोलवटते. शिवाय मॅलेसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असतं, ते जवळजवळ सगळ्यांच्याच अंगावर असतं, एरवी गुमान पडून असतं, पण ते जगतंच मुळी त्वचेवरच्या तेलावर, त्यामुळे ऊब, ओल आणि तेल तिन्ही एकदम मिळालं की त्याची चंगळ. कोंडा, छातीपाठीवरची शिबं, कपाळावरचे बारीक खाजरे दाणे, यातलं बरंचसं त्याच्याच नावावर जमा होतं. एवढं लक्षात ठेवलं तरी कुठली बाटली घ्यायची आणि कुठली ठेवून द्यायची याचा निम्मा निकाल लागतो.

फेसवॉशपासून सुरू करू. पावसाळ्यात सगळ्यांचा हात जातो तो खूप फेस करणाऱ्या, 'ऑइल कंट्रोल' लिहिलेल्या स्ट्रॉंग फेसवॉशकडे, आणि चेहरा धुतल्यावर ताणल्यासारखा वाटला की बरं वाटतं, साफ झाला असं वाटतं. तो ताण म्हणजे त्वचेचं स्वतःचं संरक्षणच धुऊन निघाल्याची खूण आहे हो. निरोगी त्वचेचा पीएच साधारण 4.5 ते 5.5, म्हणजे किंचित आम्लधर्मी, आणि नेहमीच्या अंगाच्या साबणाचा 9 ते 10. त्यामुळे मी साधा, बिनवासाचा, पीएच 5.5 च्या आसपास असलेला जेल फेसवॉश सकाळ-संध्याकाळ असा दोनदाच वापरते. मध्ये घाम आला तर नुसत्या पाण्याने धुते आणि टिपून घेते. या साध्या फेसवॉशला पाचपैकी पाच, कारण त्याच्याकडून जेवढी अपेक्षा तेवढं तो करतो आणि बाकी काही बिघडवत नाही.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला फेसवॉश पण शेल्फवर आहे, 2 टक्केवाला. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून ते छिद्रांमधल्या तेलात शिरू शकतं आणि तिथला कचरा सैल करतं, ब्लॅकहेड्स आणि साध्या मुरुमांसाठी याच्याइतकं सोपं काही नाही. पण फेसवॉशमध्ये ते चेहऱ्यावर राहतं किती वेळ, लगेच धुऊनच टाकतो आपण, त्यामुळे त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. नाकाला आणि हनुवटीला ठीक, गालांना रोज नको. एक दिवसाआड, रात्री. पाचपैकी साडेतीन. ज्यांची त्वचा मुळात कोरडी किंवा एक्झिमाची आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊच नये.

आता जेल मॉइश्चरायझर, ज्याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण 'पावसाळ्यात मॉइश्चरायझर कशाला, आधीच चिकचिक होते' हे मी सतत ऐकते. चिकचिक होते ती वरून. फेसवॉश दोनदा, त्यात ऑफिसचा एसी, त्यात भिजून आल्यावर पुसापुशी, एवढं झाल्यावर आतली त्वचा कोरडी असू शकते आणि वर तेलाचा थर, दोन्ही एकाच वेळी. म्हणून मॉइश्चरायझर बंद करायचं नाही, बदलायचं. हिवाळ्यातलं जाड क्रीम, पेट्रोलियम जेलीवालं, बटरवालं, ते ठेवून द्या. पेट्रोलियम जेली त्वचेतून उडणारं पाणी जवळपास पूर्णच अडवते, थंडीत फुटलेल्या टाचांना तेच हवं असतं, पण दमट हवेत चेहऱ्यावर तो थर म्हणजे घाम, उष्णता सगळं खाली दाबून ठेवणं.

जेल कसं ओळखायचं ते सांगते. हाताच्या पालथ्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढं घ्या आणि एका बोटाने पसरा. चांगलं जेल आधी पाण्यासारखं फुटतं, गार लागतं, मग दहा-पंधरा सेकंदांत बोट अडखळायला लागतं, म्हणजे ते मुरतंय, आणि दोन मिनिटांनी त्या जागेवर टिश्यूचा तुकडा दाबला तर चिकटून राहत नाही, पडतो. जे जेल दोन मिनिटांनंतरही बोटाला ओढ देतं, ते बाहेरच्या हवेत गेल्यावर आणखी चिकट होणार हे नक्की. आणि जे लगेच मखमलीसारखं, पावडरीसारखं वाटतं त्यात बहुतेक सिलिकॉन जास्त असतं, लेबलवर डायमेथिकोन असं दिसेल. डायमेथिकोन वाईट नाही, उलट हलकं आहे आणि सहसा छिद्रं बुजवत नाही, फक्त वर सनस्क्रीन लावताना कधी कधी त्याचे खोडरबरच्या कचऱ्यासारखे बारीक गोळे निघतात. तसं झालं तर दोन्ही बदलायची गरज नाही, जेल कमी घ्या, पाचेक मिनिटं थांबा, आणि सनस्क्रीन चोळू नका, थापटत लावा. माझं बहुतेक एवढ्यावर सुटलं.

लेबल वाचायची एक युक्ती सांगते, खूप उपयोगी आहे. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते, पण 1 टक्क्याच्या खालचे घटक कसेही लावले तरी चालतं. फिनॉक्सिएथेनॉल नावाचं प्रिझर्वेटिव्ह बऱ्याच प्रॉडक्ट्समध्ये असतं, आणि युरोपच्या नियमात त्याची मर्यादा 1 टक्का आहे. म्हणजे त्या नियमात बसणाऱ्या बाटलीवर पुढे मोठ्ठ्या अक्षरात अमुक अर्क, तमुक फुलाचं पाणी लिहिलंय आणि मागे ते फिनॉक्सिएथेनॉलच्या नंतर आलंय, तर ते 1 टक्क्यापेक्षा जास्त नाही, बऱ्याचदा त्याहून खूपच कमी. ग्लिसरीन मात्र पाण्याच्या लगेच मागे दिसलं तर ते जेल खरंच ओलावा धरून ठेवणार. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा गाजावाजा खूप, पण साधं ग्लिसरीन काम चोख करतं आणि ते जवळपास सगळीकडे मिळतं. सेरामाइड, म्हणजे त्वचेच्या संरक्षक थरातलाच एक स्निग्ध घटक, असेल तर उत्तम. आणि 'नॉन-कॉमेडोजेनिक' या शिक्क्यावर फार विसंबू नका, त्याला एकच एक ठरलेली कायदेशीर चाचणी नाही, आणि जुन्या चाचण्या तर सशाच्या कानाच्या कातडीवर केलेल्या होत्या, माणसाच्या चेहऱ्याशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही. जेलला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो बहुतेक जेलांमध्ये उगीच घातलेल्या सुगंधासाठी.

नायसिनामाइड सीरम. हे व्हिटॅमिन बी3 चंच एक रूप, तेल थोडं कमी करतं, डाग हळूहळू फिके करतं, त्वचेचं संरक्षण सुधारतं. जो काही चांगला अनुभव आणि अभ्यास आहे तो बराचसा 2 ते 5 टक्क्यांवरचा आहे, आणि दुकानात सगळीकडे 10 टक्के, आता तर त्याच्याही पुढे. 10 टक्केवालं घामेजलेल्या चेहऱ्यावर लावलं की मला गालावर चुणचुणतं आणि लाली येते, 5 टक्केवाल्याने तसलं काही होत नाही. तुमच्या जेलमध्येच नायसिनामाइड असेल, यादीत वरच्या चार-पाचात, तर वेगळ्या सीरमची गरजच नाही, एक थर वाचला. दमट हवेत वाचलेला प्रत्येक थर म्हणजे सुख. पाचपैकी तीन, ते पण 5 टक्केवाल्याला.

सनस्क्रीन. ढग आहेत म्हणून सनस्क्रीन नको हे डोक्यातून काढा. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की पातळ ढगांमधून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं खाली येऊ शकतात. काळेकुट्ट ढग दाटले की बरीच कमी होतात हेही खरं, पण पावसाळ्यातलं आभाळ दिवसभर एकसारखं कुठे असतं, तासाभरात लख्ख ऊन पडतं आणि तेव्हा आपण बाहेर असतो. शिवाय अतिनील किरणांतला यूव्हीए हा प्रकार साध्या काचेतूनही आत येतो, मुरुमांचे डाग काळे पडून बसायला त्याचा हातभार असतोच, आणि मुरुम तर याच दिवसांत जास्त.

मी वापरते ती पाण्याच्या बेसची जेल सनस्क्रीन, एसपीएफ 50. 30 पण चालते, नीट लावली तर 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारी अतिनील किरणं, अडवते आणि 50 साधारण 98, फरक जेमतेम. पण 'नीट लावली तर' हेच महत्त्वाचं. हे आकडे ज्या चाचणीतून येतात तिथे दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात, आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, हे माप डोक्यात ठेवा. एवढी मात्रा जी सनस्क्रीन सहन करू देते तीच पावसाळ्याची सनस्क्रीन, बाकी जाहिरात काही म्हणो. जाड क्रीमची एवढी मात्रा लावून दमट हवेत फिरून बघा, डोळ्यात उतरते, चुरचुरते, आणि मग माणूस दुसऱ्या दिवसापासून लावणंच सोडतो. जेल सनस्क्रीनची तक्रार एकच, तिच्यात बऱ्याचदा अल्कोहोल जास्त असतं आणि त्यामुळे डोळ्यांभोवती झोंबते, तिथे मी झिंक ऑक्साइडवाली स्टिक लावते, ती थोडी पांढरट दिसते पण झोंबत नाही.

'वॉटरप्रूफ' असं लिहिलेलं असेल तर फार भाळू नका, पूर्ण वॉटरप्रूफ असं काही नसतं, अमेरिकेत तर 2011 मध्ये आलेल्या नियमांनी सनस्क्रीनवर हा शब्दच वापरायला बंदी केली. तिथे वॉटर रेझिस्टंट लिहायचं असेल तर 40 मिनिटं की 80 मिनिटं ते सांगावं लागतं. म्हणजे छत्री असूनही भिजलात, तोंड पुसलंत, की परत लावायची, नाहीतरी दर दोन तासांनी लावायचीच असते बाहेर असाल तर. माझ्या जेलला पाचपैकी चार.

बाकीचं भराभर सांगते. ब्लॉटिंग पेपर, छान, बॅगेत असू द्या, दाबायचा, पुसायचा नाही. क्ले मास्क आठवड्यातून एकदा नाकाच्या आसपास, पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नका, ओलसर असतानाच धुवा. दाणेदार स्क्रब, नको. मऊ पडलेल्या कातडीवर खरखरीत दाणे चोळणं म्हणजे ओरखडे काढणं आणि त्या ओरखड्यांतून जंतूंना दार उघडून देणं. अल्कोहोलवाला टोनर दोन मिनिटं गार वाटतो, एवढंच. जाड फाउंडेशन कपाटात, टिंट असलेली सनस्क्रीन पुरते.

मुरुमांबद्दल एक गोष्ट मात्र थांबून वाचा. पावसाळ्यात कपाळावर केसांच्या रेषेजवळ, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराचे बारीक दाणे येतात, सगळे जणू एकाच साच्यातले, आणि त्यांना खाज येते. साधे मुरुम लहान-मोठे असतात, त्यात ब्लॅकहेड्स असतात, काही दुखतात, पण सहसा खाजत नाहीत. हे खाजणारे दाणे बऱ्याचदा त्याच मॅलेसेझिया यीस्टचे असतात, आणि त्यांच्यावर मुरुमांची अँटिबायोटिक जेल लावत बसलं तर ते कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतात, कारण अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं, यीस्टला मोकळं रान. अशा वेळी स्किनच्या डॉक्टरला दाखवा आणि तोपर्यंत अंगाला, केसांच्या मुळाला तेल चोपडणं थांबवा.

आता पाय. सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात त्रासदायक. ओल्या बुटांतून दिवस काढून घरी आलात की लाइटखाली बसून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फाकवून बघा. तिथली जागा सगळ्यात अरुंद, हवा लागतच नाही. आधी कातडी पांढरी पडते, पाण्यात बराच वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली, मग ती ओलसर पापुद्र्यासारखी सुटते, खाली गुलाबी, चकचकीत, आणि तळाशी एक बारीक चीर. पाणी लागलं की झोंबतं, रात्री खाज, आणि वास. चिखल्या म्हणतो आपण. नुसत्या ओलीने सुरू होतात आणि मग बुरशी बसते त्यावर. चीर उघडी राहिली तर तिथून बॅक्टेरिया आत जातात आणि पाय सुजून लाल होण्यापर्यंत पाळी येते, डायबेटिस असलेल्यांनी तर याला अजिबात किरकोळ समजू नये.

यावर सगळ्यात चांगलं प्रॉडक्ट म्हणजे वेगळा छोटा सुती नॅपकिन, फक्त पायांसाठी. खरंच. पाय धुवा, प्रत्येक बोटाच्या मधून तो नॅपकिन ओढून टिपा, मग दोन मिनिटं पाय उघडे ठेवा, घाई असेल तर हेअर ड्रायर गार हवेवर. याला पाचपैकी पाच, आणि हे मी मनापासून देतेय. जांघ आणि काखेलाही हाच नियम, अंघोळीनंतर पूर्ण सुकल्याशिवाय कपडे चढवायचे नाहीत. ज्या टॉवेलने बुरशीची जागा पुसली त्याने तोंड पुसायचं नाही, आणि घरात एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरायचा नाही.

अँटिफंगल डस्टिंग पावडर, क्लोट्रिमाझोल 1 टक्का असलेली. सकाळी मोजे घालायच्या आधी बेचक्यात आणि बुटात थोडी. थोडीच, चिमूटभर. ओल्या पायावर भसाभस टाकली तर तिचा चिखल होतो, गोळे होतात आणि तेच बेचक्यात घासत राहतात. साधी सुगंधी टाल्कम आणि ही पावडर यात फरक आहे हे मात्र लक्षात घ्या, टाल्कम ओल शोषते फक्त, बुरशीला काही करत नाही. आणि ही पावडर होऊ नये म्हणून चांगली आहे, झालेलं बरं करायला क्रीमच लागतं. पाचपैकी चार.

क्लोट्रिमाझोल 1 टक्का क्रीम, किंवा टर्बिनाफिन 1 टक्का. गजकर्ण, नायटा, चिखल्यांवर बसलेली बुरशी, यासाठी. क्लोट्रिमाझोल साधारण दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. टर्बिनाफिनला बऱ्याचदा कमी दिवस पुरतात. लावताना चट्ट्याच्या कडेच्या बाहेरही दोन सेंटिमीटर लावायचं, कारण बुरशी कडेने पसरत जाते, मधला भाग आधी बरा दिसतो. लोक काय करतात, चार-पाच दिवसांत खाज थांबली की ट्यूब फेकून देतात, आणि पुढच्या पंधरवड्यात तेच परत, मग म्हणतात क्रीम बोगस. क्रीम बोगस नाही, डाग दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे लावायचं असतं, बुरशी आत शिल्लक असते. नीट लावलं तर पाचपैकी साडेचार.

आणि आता ज्याला शून्य द्यायचंय ते. थ्री-इन-वन मिक्स क्रीम, ज्यात अँटिफंगल, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड तिन्ही एकत्र असतात. ओळखीचा कोणी देतो, दुकानदार देतो, 'हे लावा दोन दिवसांत खाज बंद'. खाज बंद होते हे खरंय, स्टिरॉइड सूज दाबतं म्हणून. पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला आतून पसरायला मोकळीक मिळते, गजकर्णाची गोल कड पुसट होते, डॉक्टरलाही ओळखायला कठीण जातं, आणि बंद केलं की दुप्पट उसळतं. 1968 पासून डॉक्टर मंडळी याबद्दल लिहून ठेवतायत आणि तरी घराघरात ही ट्यूब आहे. जांघेत, काखेत लावलं तर कातडी पातळ होते, तांबडे-पांढरे स्ट्रेच मार्क येतात, आणि ते जात नाहीत. जात नाहीत म्हणजे नाहीतच. घरातल्या सगळ्या ट्यूबा आजच काढा आणि बारीक अक्षरं वाचा, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन या स्टिरॉइडांपैकी काही दिसलं तर ती ट्यूब डॉक्टरने तुम्हाला, त्याच जागेसाठी, तेवढ्याच दिवसांसाठी दिली असेल तरच वापरा. आणि बरेच दिवस लावत असाल तर एकदम तोडूही नका, डॉक्टरला दाखवून बंद करा.

शिबांसाठी केटोकोनाझोल या अँटिफंगलचा 2 टक्के शाम्पू. शाम्पू अंगाला, हो. पाठ, छाती, मान, दंड ओले करायचे, फेस करून लावायचा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा, रोज एकदा, पाच दिवसांपर्यंत. शिबांच्या कडेला बारीक कोंडा असतो, नखाने हलकं खरवडलं तर भुसा निघतो, तो यीस्ट अजून जिवंत असल्याची खूण. शाम्पूने तो जातो पण पांढरट डाग लगेच जात नाहीत आणि तिथेच लोक घाबरतात, औषध लागू पडलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावतात. रंग परत यायला कित्येक आठवडे, कधी कधी महिने लागतात, भुसा निघत नसेल तर झालंय काम, थांबा. आणि शिबं एकाची दुसऱ्याला लागत नाहीत, तेव्हा कोणाला लांब बसवू नका, मुलांना तर मुळीच नाही. कोंड्यासाठी डोक्यालाही हाच शाम्पू चालतो. केस मात्र रखरखीत करतो, म्हणून साडेचार.

घामोळ्यांसाठी कॅलामाइन लोशन. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की घामोळं येतं, त्यामुळे त्यावर जाड क्रीम किंवा तेल लावणं म्हणजे बूच आणखी घट्ट करणं. कॅलामाइन म्हणजे मुळात झिंक ऑक्साइड, त्यात थोडं आयर्न ऑक्साइड, त्याचाच तो गुलाबी रंग, गार वाटतं, खाज कमी होते. घामोळं त्याने मुळापासून जात नाही, ते जातं सैल कपड्यांनी आणि पंख्याखाली बसून. साडेतीन.

कपड्यांचं पण बोलायला हवं कारण इथे कुठलंच क्रीम मदत करत नाही. अर्धवट वाळलेली अंतर्वस्त्रं आणि मोजे घालायचे नाहीत म्हणजे नाहीत. पावसात कपडे वाळत नाहीत हे मला मान्य आहे, पण बाकी काही ओलं राहिलं तरी हे दोन आधी वाळवा, पंख्याखाली टांगा, वरून इस्त्री फिरवा. बुटांचे दोन जोड आलटूनपालटून, आतला सोल काढून वेगळा वाळवायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे. कामाच्या ठिकाणी मोज्यांचा एक सुका जोड ठेवलात तर निम्म्या चिखल्या तिथेच टळतील.

क्रीमच्या बरण्यांबद्दल. पावसाळ्यात पंपवाली किंवा ट्यूबवाली पॅकिंग घ्या, उघड्या तोंडाच्या बरणीत ओली बोटं बुडवत राहिलं की त्यात जंतू वाढतात. बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6 किंवा 12 आकडा, तो उघडल्यानंतरच्या महिन्यांचा. बाथरूममध्ये ठेवू नका, दमट आणि गरम जागा ती. व्हिटॅमिन सी सीरम पिवळ्याचं तपकिरी झालं असेल तर टाकून द्या, त्यात काही राहिलेलं नाही. आणि नवीन काहीही आणलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा.

डॉक्टरकडे कधी जायचं, तर दोन आठवडे नीट क्रीम लावूनही फरक नाही, चट्टे पसरतायत, नखं पिवळी-जाड झालीयत (नखात गेलेली बुरशी वरच्या क्रीमने सहसा जात नाही), पाय सुजलाय किंवा ताप आहे, किंवा घरात सगळ्यांनाच रात्री खाज येतेय. शेवटच्यात खरूज असू शकते, तिचं औषध वेगळं असतं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं, एकट्याने लावून उपयोग होत नाही.

डास पळवणारं क्रीम सनस्क्रीनच्या आधी की नंतर हे बरेच जण विचारतात, तर सनस्क्रीन आधी, ती मुरू द्या, मग वरून डासांचं. आणि दोन्ही एकत्र असलेलं प्रॉडक्ट घेऊ नका, सनस्क्रीन दर दोन तासांनी लागते, डासांचं तेवढ्या वेळा लावायचं नसतं, आणि डासांच्या क्रीममध्ये डीट हे डास पळवणारं रसायन असेल तर त्याने सनस्क्रीनचा एसपीएफ कमी होतो, म्हणून डासांचं लावलं असेल त्या दिवशी सनस्क्रीन परत लावायला कंटाळा करू नका.